बोधीची पानं

विहार कमिटीतल्या मुरलीधरनं डालड्याच्या मोठ्या डब्याला छिन्नी लावली तशी अनसूया पुढे सरकली आणि म्हणाली, "भाऊ, जरा हळू. आतली माती सुटेल."

तोवर हातोडा पडला होता. पत्रा दोन्हीकडे फाकला, आणि गयेपासून जबलपूरपर्यंत स्टेशना-स्टेशनावर पाणी पिऊन लगदा झालेली माती भसकन खाली बसली. मुळांचे पांढरे दोरे तटातट तुटले. जे उरले ते नुसतेच लोंबत राहिले.

पण मुळांकडे बघतो कोण! सगळ्यांच्या माना वर होत्या. रोप पुरुषभर उंच, आणि पानांनी गच्च भरलेलं. वैशाख पौर्णिमेचा दिवस, अकरा वाजत आलेले, विहाराच्या अंगणातल्या फरशीवर पाय ठरत नव्हता. तशा उन्हात ती पानं आपापल्या देठांवर लटलट हलत होती आणि बायका एकमेकींना सांगत होत्या, बघा वं, कशी हसून राहिली.

"हसून नाही राहिली," अनसूया पुटपुटली. ते फक्त तिच्या बापाला ऐकू गेलं, आणि त्यानं ऐकू न आल्यासारखं केलं.

बाप म्हणजे डोमाजी. फॅक्टरीत फिटरकी करता करता केस पिकलेला माणूस. मागच्या कार्तिकात बायको, भागीरथा, गेली, तेव्हापासून त्यानं एकच धोशा लावला होता. बोधगयेचं रोप आणायचं आणि आपल्या हातानं आपल्या विहारात लावायचं. गुडघे कुरकुरत असताना एकटा गेला, आणि परतीच्या गाडीत तो डबा मांड्यांमध्ये धरून, दारातून येणारी भाजत्या वाऱ्याची लू अंगावर घेत, बोधीला घेऊन आला. स्टेशनावर त्याला घ्यायला अर्धी मराठी वस्ती गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या गळ्यात हार पडला, आणि त्यानं तो काढून रोपाला घातला.

आणि अनसूया ही त्याची एकुलती एक मुलगी. मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. वस्तीतून एम. एस्सी. झालेली ती पहिली, आणि पस्तिशीला आली तरी बिनलग्नाची राहिलेलीही पहिलीच. लोकांनी या दोन गोष्टींची गाठ केव्हाच मारून ठेवली होती. कॉलेजात हिंदीतून ती घडाघडा बोलायची. वस्तीत मराठीतून तेच सांगायचं म्हटलं की तिला शब्द शोधावे लागायचे, आणि ती शोधत असताना दुसरं कोणीतरी बोलून जायचं.

आदल्या संध्याकाळी विहाराच्या कमिटीसमोर तिनं सगळं नीट सांगितलं होतं. झाड मुळांनी पाणी पितं ते काही पोटात साठवून ठेवत नाही. पानांना पाठीमागून बारीक बारीक छिद्रं असतात. उजेड पडला की ती उघडतात आणि त्यातून पाणी वाफ होऊन निघून जातं. ऊन जितकं कडक, हवा जितकी तापलेली आणि कोरडी, तितकं ते जास्त जातं; धुतलेलं लुगडं लू सुटली की बघता बघता वाळतं ना, तसंच. जागा हललेल्या झाडाची मुळं दुखावलेली असतात. खालून येतं घोटभर आणि वरून जातं घागरभर. तेव्हा शेंड्याची दोन-चार सोडून बाकी सगळी पानं काढून टाकायची, ऊन उतरल्यावर रोप लावायचं आणि वर सावली धरायची. एवढं केलं तर ते जगेल. नाही केलं तर मरेल.

शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं.

"बोधीचं पान तोडायचं?" अध्यक्ष लक्ष्मणराव म्हणाले. रेल्वेच्या ऑफिसातून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा काढून पुसला, जणू चष्म्यामुळेच कानांनी चुकीचं ऐकलं. महिला मंडळाच्या गीताबाईंनी तर कानांवर हातच ठेवले. गळून पडलेलं पान लोक काचेत मढवून भिंतीला लावतात, आणि ही जितं पान तोडायला सांगते, हे काय शिक्षण झालं?

संध्याकाळी लावायचं म्हटलं, तर पाहुणे म्हणून भोपाळहून एक साहेब येणार होते आणि त्यांना पुढे दुसरीकडे जायचं होतं. आपण काही मुहूर्त मानत नाही, लक्ष्मणराव म्हणाले, पण पाहुण्यांची वेळ अकराची आहे. आणि मग मुहूर्त न मानणाऱ्या त्या माणसांनी अकराचा ठोका असा काही जपला की एखाद्या जोशीबुवानंही तोंडात बोट घालावं. सावलीचं म्हणाल, तर फोटो निघणार होता. फोटोत मध्येच बांबूचा टट्टा कसा दिसेल?

अनसूयेनं बापाकडे पाहिलं होतं. छप्पन सालच्या दिवाळीत या माणसानं घरातले देव पोत्यात बांधून ग्वारीघाटावर नर्मदेत सोडले होते. त्या वेळी ती लहान होती आणि आजी मोठमोठ्यानं रडत होती. अनसूयेला कडेवर घेऊन तो म्हणाला होता की काहून हे विचारल्याबिगर काहीच मानायचं नाही, माझंबी नाही. त्या एका शब्दावर ती एवढी शिकली. तो माणूस खाली बघत म्हणाला, "लक्ष्मणराव म्हणते ते बराबर आहे, बेटा. झाड सगळ्याइचं आहे."

झालं. पाहुणे आले, विवेकाचं आयुष्यातलं महत्त्व या विषयावर पाऊण तास बोलले, आणि उघड्या उन्हात रोप खड्ड्यात उभं राहिलं. खड्डा मुरमात खणलेला, खाली काळा खडक. मग लहानथोर सगळ्यांनी रांगेनं येऊन एकेक तांब्या पाणी ओतलं. पाणी खाली जायला वाटच नव्हती. ते रोपाच्या पायाशी डबक्यासारखं उभं राहिलं आणि त्यात लोकांना आभाळ दिसलं.

दुपारी पानं माना टाकून लोंबायला लागली. लोक घाबरले आणि आणखी पाणी घेऊन आले. ऊन उतरल्यावर पानं जराशी सावरली, तसे सगळे खूश. दुसऱ्या दिवशी ती सकाळीच मलूल झाली. पुन्हा पाणी.

अनसूयेला वाटलं, आपल्याला सांगता येत नाही, पण दाखवता तर येईल! मुलींना ती वर्गात दाखवायचीच की. ओमतीच्या बाजारातून तिनं स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकची पिशवी आणली. सकाळी रोपाच्या एका डहाळीवर ती चढवून तोंडाशी दोऱ्यानं घट्ट बांधली, आणि दुपारी कमिटीला बोलावून आणलं. पिशवी आतून धुकं धरल्यासारखी झाली होती. थेंबावर थेंब जमून खालच्या कोपऱ्यात चांगलं चमचाभर पाणी साचलं होतं.

"हे एका डहाळीचं पाणी आहे," ती म्हणाली. "पिशवी नसती तर हवेत गेलं असतं. आता सगळ्या डहाळ्या पहा. एवढं पाणी तुटलेल्या मुळाइनं आणायचं कुठून? खाली पाणी आहेच. ते वर चढून नाही राहिलं, अन् वरचं थांबून नाही राहिलं."

लक्ष्मणराव वाकून पिशवीकडे बराच वेळ बघत राहिले. मुरलीधर म्हणाला, अच्छा. त्या अच्छामध्ये खरोखरीचं आश्चर्य होतं. अनसूयेचं काळीज हलकं झालं. एका क्षणापुरतं तिला वाटलं की पोचलं. हे लोक काही मूर्ख नव्हते. याच लोकांनी रात्रशाळा काढून आपली पोरं शिकवली होती. दाखवायचाच काय तो अवकाश होता.

गीताबाईंनी दोरा सोडला. पिशवी अलगद उतरवली, तिचा कोपरा तळहातावर तिरपा केला, आणि ते पाणी दोन्ही डोळ्यांना लावलं.

"बोधीनं आपल्या अंगचं पाणी दिलं," त्या म्हणाल्या.

मागच्या बाईनं हात पुढे केला. मग तिच्या मागचीनं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हे. पण घडा निदान ते पाणी डोळ्यांना तरी लावत नाही. अनसूया हताश होऊन बघत राहिली. रांगेत शेवटी डोमाजी होता. त्याच्या वाट्याला ओली पिशवीच आली. ती त्यानं कपाळाला लावली, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

त्या दिवसापासून वस्तीत पाण्याची पाळी लागली. कोणी सकाळी, कोणी दुपारी, कोणी ऑफिसातून येता येता. पानांच्या कडा करपल्या, मग मधला भाग तपकिरी झाला, तरी ती देठांना चिकटून होती आणि जितकी हिरवी उरली होती तितकी अजून पाणी उडवतच होती. खाली चिखलात मुळं गुदमरत होती. आणि हळूहळू एक कुजबुज सुरू झाली. पहिल्या दिवसापासून हीच म्हणून राहिली ना, मरेल, मरेल म्हणून? शुभ कार्यात असं बोलावं काय कोणी? बोलाफुलाला गाठ पडते. दृष्ट, नजर, करणी, सगळं पोत्यात घालून नर्मदेत सोडून आलेली ही माणसं! पण बाईच्या तोंडातलं वाईट तेवढं त्यांनी कसं कोण जाणे घरीच ठेवून घेतलं होतं. नळावर अनसूया गेली की बोलणं थांबायला लागलं. घरी डोमाजीही तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. जेवताना एकदा तो म्हणाला की तुझी जीभ जरा आवरत जा, आणि ती अर्ध्या ताटावरून उठली.

मग एका दुपारी ती उठली. बाहेर लू अशी सुटली होती की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. सगळी वस्ती दारं लावून, ओल्या पडद्यांमागे पडलेली. तिनं कात्री घेतली, खुरपं घेतलं, बांबूचे दोन टट्टे सायकलला बांधले आणि विहारात गेली.

आधी तिनं खड्ड्याच्या कडेनं उताराकडे चर खणला आणि साचलेलं पाणी वाहून जाऊ दिलं. मग पानं. एकेक पान देठाशी कापायचं, सालीला धक्का न लावता. हिरव्या पानांच्या देठांतून पांढरा चीक यायचा आणि बोटांना चिकटायचा. चीक आहे म्हणजे जीव आहे. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटत होतं, अगदी मनापासून बरं वाटत होतं. आपल्याला येतो तोच प्रश्न परीक्षेत पडावा तसं तिचं झालं होतं. शेवटी नुसता सोट आणि काड्या उरल्या. त्यांना तिनं ओलं गोणपाट गुंडाळलं आणि दक्षिणेला, पश्चिमेला टट्टे रोवले. पदरानं तोंड पुसून ती वळली.

डोमाजी फाटकात उभा होता. हातात पाण्यानं भरलेली बादली. दुपारची पाळी त्यानं स्वतःकडे घेतली होती हे तिला माहीत नव्हतं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं बादली खाली ठेवली, आला, आणि गुडघे मोडून उन्हातल्या फरशीवर बसला. मग खांद्यावरचं उपरणं पसरून त्यावर एकेक पान वेचून ठेवायला लागला. करपलेलीसुद्धा.

"बाबा, उठा. फरशी तापली आहे."

"तुझी माय गेली तेव्हा बी मले असं नव्हतं वाटलं," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं. कोणी म्हणे ओमतीच्या ठाण्यात रिपोर्ट लिहवा, कोणी म्हणे कॉलेजात कळवा. मुरलीधर टेबलावर हात आपटून बोलला. लक्ष्मणरावांनी मात्र आवाज चढवला नाही, आणि म्हणून त्यांचंच ठरलं. रविवारी सगळ्यांच्या समोर अनसूयेनं झाडाची माफी मागायची. नाही मागितली, तर डोमाजीनं कमिटी सोडायची आणि बापलेकींनी विहारात येऊ नये. ज्या विहाराच्या पायाला डोमाजीनं फॅक्टरीची पाळी संपवून डोक्यावरून विटा वाहिल्या होत्या, भागीरथेनं गारा कालवला होता, त्या विहारात.

डोमाजी दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अनसूया चहा घेऊन त्याच्याजवळ बसली. त्यानं कपाला हात लावला नाही.

"माफी माग, बेटा."

"बाबा, मी चूक नाही केली. ते झाड जगेल."

"जगेल तं जगेल. तू माफी माग."

"काहून मागू?" ती म्हणाली. तिचा आवाज फुटला. "तुम्हीच शिकवलं ना विचारायले? मग सांगा मले. काहून मागू?"

डोमाजी भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्या शेजारी भागीरथेचा फोटो. चहावर साय धरली.

"माझ्यासाठी माग," तो म्हणाला. "मले या वयात दुसरीकडं जायले जागा नाही."

अनसूयेनं साय धरलेला कप उचलला आणि चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

रविवारी ती पांढरी साडी नेसून गेली. अंगण भरलं होतं. टट्ट्यांच्या सावलीत गोणपाट गुंडाळलेला सोट उभा होता. टट्टे काढायचंही कोणाला सुचलं नव्हतं, मेलेल्याला ऊन काय आणि सावली काय. तिनं मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली. त्रिशरण-पंचशील झालं. लक्ष्मणराव एकेक वाक्य सांगत गेले आणि ती मागून म्हणत गेली, की मी माझ्या शिक्षणाच्या अहंकारानं बोधिवृक्षाचा अपमान केला, समस्त उपासक-उपासिकांची मनं दुखावली, मला क्षमा करावी. अहंकार हा शब्द आला तेव्हा ती अडखळली. लक्ष्मणरावांनी तो पुन्हा सांगितला, आणि तिनं तो पुन्हा म्हटला. मग कपाळ फरशीला टेकून ती उठली. गीताबाईंनी तिला जवळ घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. त्यात खोटं काही नव्हतं, आणि तेच अनसूयेला सोसलं नाही.

त्यानंतर कोणी पाणी घालायला आलं नाही. झाड मेलं असंच सगळ्यांनी धरलं होतं. भक्तांनी हात आखडता घेतला आणि रोपानं सुटकेचा श्वास टाकला म्हणायचं. माती मोकळी झाली, चर कोरडा पडला. अनसूया रोज दिवस मावळताना जायची, गोणपाट ओलं करायची आणि बुंध्याशी जेमतेम तांब्याभर पाणी द्यायची. एकदा नखानं साल किंचित खरवडून पाहिली. आत हिरवं होतं. तिनं बोट तिथंच ठेवलं आणि उभी राहिली.

पुढे काही दिवसांनी वरच्या पेरापाशी डोळा फुगलेला दिसला. मग त्याच्या खाली आणखी एक. तिनं कोणाला सांगितलं नाही. बापालासुद्धा नाही. तिच्या मनानं एक वेड घेतलं होतं. सांगायचं नाही, दाखवायचंही नाही. झाडाला पान फुटू दे, बाबांना त्यांच्या डोळ्यांनी बघू दे, आणि ते आपल्या तोंडानं म्हणू देत की बेटा, तू बराबर होती. एवढंच. लोकांचं तिला काही नको होतं. लोक काय, आज एक बोलतात आणि उद्या एक. पण ज्या माणसानं कडेवर घेऊन तो शब्द कानात घातला, त्यानं एकदा तिच्याकडे वळून एवढं एक वाक्य म्हणावं, यासाठी ती रोज संध्याकाळी तांब्या घेऊन जात होती.

ज्येष्ठ पौर्णिमेला दर महिन्याप्रमाणे सगळे विहारात जमायचे होते. पाऊस अजून लांब होता, आभाळ कोरडं ठणठणीत. सकाळी झाडलोट करायला डोमाजी गेला आणि झाडू तिथंच टाकून तो घराकडे धावत आला. गुडघ्यांचं दुखणं असलेला माणूस धावत आला! दारातच त्यानं अनसूयेचे दोन्ही हात धरले. ती हसली, आणि म्हणाली, "पाहिलं, बाबा?"

"पाहिलं," तो म्हणाला. "सगळ्याइले सांगून येतो." आणि तसाच वळून गेला. ती वाट बघत राहिली. दुपारी तो जेवायलाही आला नाही.

संध्याकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. टट्टे काढून बाजूला ठेवले होते, गोणपाटही उतरवलं होतं. सोटाच्या अंगावर जागोजागी तांबूस, ओलसर चकाकणारी, नखाएवढी पानं उघडली होती. सोटाला हार घातला होता. पंचशील झालं, परित्राण पाठ झाला, आणि लक्ष्मणराव म्हणाले की आज डोमाजीभाऊंना दोन शब्द बोलायचे आहेत.

डोमाजी कधी माइकसमोर बोलला नव्हता. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तो उभा राहिला. भागीरथा गेल्यानंतर त्याचा चेहरा एवढा उजळलेला अनसूयेनं पाहिला नव्हता. ती पुढच्याच रांगेत बसली होती. तिनं पदर सारखा केला.

"माझी पोरगी शिकलेली आहे," डोमाजी म्हणाला. "या वस्तीत तिच्याएवढं शिकलेलं कोणी नाही. शिकलेल्या माणसाले मान झुकवणं लई कठीन असते. आपल्यासारख्याले सोपं आहे, आपून जनमभर झुकवूनच राहिलो. तिच्या हातून चूक झाली. पण तिनं सगळ्याइच्या समोर मान झुकवली. अन् भाऊ-बहिनींनो, पाहा तुम्ही. ज्या दिवशी तिनं माफी मागितली, त्या दिवसापासून हे झाड जितं झालं. बोधीनं माझ्या पोरीले माफ केलं."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते म्हणतात. इथे फांदी फुटली होती आणि लोक कावळ्याला हार घालायला निघाले होते. टाळ्या सुरू झाल्या. आधी बायकांमधून, मग सगळीकडून. गीताबाई डोळे पुसत होत्या. मुरलीधर मागून उभा राहून टाळ्या वाजवत होता. विद्यापीठात पहिली आली तेव्हा याच अंगणात तिचा सत्कार झाला होता. तेव्हाच्या टाळ्या अशा नव्हत्या. तेव्हा लोक जरा बिचकून होते. आज ती त्यांची झाली होती.

"मॅडम, दोन शब्द," लक्ष्मणराव म्हणाले आणि माइक तिच्या हातात दिला. "तुम्ही सायन्सच्या आहात. तुम्ही सांगितलं तर बाहेरचे लोकही मानतील."

अनसूया उठली. बोलायला काय लागत होतं? पानं काढली म्हणून खर्च थांबला, पाणी हटलं म्हणून मुळांना श्वास आला, सावली होती म्हणून नवा डोळा जळला नाही. तीन वाक्यं. मराठी शब्दही आज समोर हात जोडून उभे होते. सगळे तिच्याकडे बघत होते, ऐकायला अगदी तयार. डोमाजी खुर्चीच्या काठावर पुढे सरकून बसला होता, मान जरा वाकडी करून, तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात बसायचा तसा, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"जय भीम," ती म्हणाली, आणि माइक परत दिला.

पुन्हा टाळ्या झाल्या. ती येऊन बापाच्या शेजारी बसली. त्यानं तिचा हात आपल्या खरबरीत हातात घेतला आणि बराच वेळ थोपटत राहिला. मग तिच्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "आता बरं वाटते ना, बेटा?"

"हो, बाबा," ती म्हणाली.